दोराचं दुसरं टोक

शिबिरातल्या मुलांनी केळीच्या खांबांचा तराफा बांधला आणि तो खाडीत बुडाला. विश्वेशच्या गटाने मुनीबच्या गटाला बोल लावला, जेवायलाही दोन वेगळ्या पंगती बसल्या. माझं डोकं फिरलं. म्हटलं, भांडायचंच आहे ना, मग रस्सीखेच खेळा. किनाऱ्यावरून जाळं ओढायचा रापणीचा जुना दोर वाळूत पसरला आणि शिटी वाजवली.

सगळे धावले ते एकाच टोकाकडे.

"अरे, अर्धे पलीकडे जा."

"बाई, रापणीचो दोर समुद्राकडसून कोण वडता?" मुनीबच्या मागे दोर धरून उभा असलेला विश्वेश म्हणाला.

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. समुद्राकडचं टोक मीच धरलं, आणि त्यांनी मला मासळीसारखं ओढून वर आणलं.