लाँड्रीमागचा तुकडा

लाँड्रीच्या मालकीणबाई माणूस कॉलरवरून ओळखायच्या. चेहरा काय, कोणीही हसरा करतं. कॉलर खोटं बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत. शाळा अर्ध्यावर सोडून त्यांनी एकटीने धंदा उभा केला होता, तेव्हा ते मत खोडायची घरात कोणाची छाती नव्हती. एक सून सोडून.

लाँड्रीमागे मोकळ्या जमिनीचा तुकडा होता. तो मिळाला असता तर ओल्या चादरींचे पिळे गच्चीवर चढवणं सुटलं असतं. सुनेचे गुडघे त्या जिन्याने पार कुरकुरायला लागले होते. जागा विकायला आलेल्या गृहस्थाची कॉलर पांढरीशुभ्र. रजिस्ट्रीच्या खर्चात कशाला पडता, म्हणाला. स्टँपपेपरवर सह्या करू, नोटरीचा शिक्का मारू, जागा तुमची. मालकीणबाईंना पटलं. सून मात्र चहा ओतता ओतता म्हणाली, आधी रजिस्ट्रीत बघू, जागा कोणाच्या नावावर आहे ते.

"तुला या घरात आणली ती शब्दावरच ना?"

"नाही, आई. लग्नाची नोंद केली होती. साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे."

मालकीणबाईंना एकदम इस्त्री तापल्याचं आठवलं. इसार त्यांनी दिलाच, आणि दुसऱ्या दिवशी जागेवर दोऱ्या बांधून चादरी वाळत घातल्या.

दुपारी एक बसड्रायव्हर खांब आणि काटेरी तार घेऊन आला, तो चादरींतच गुरफटला. जागा म्हणे त्याची. त्याच्याकडेही तसलाच स्टँपपेपर, तोच शिक्का. एकमेकांना यथेच्छ सुनावून झाल्यावर दोघं रजिस्ट्रीत गेले. जागा निघाली त्या गृहस्थाच्या बहिणीची. त्याच्या नावावर तिथलं ढेकूळसुद्धा नव्हतं.

"पण कॉलर किती स्वच्छ होती गं," घरी येऊन मालकीणबाई पुटपुटल्या.

"असणारच, आई. आपणच धुतो ती. गठ्ठे त्याचा गडी आणतो, म्हणून ओळखलं नाही. स्टँपपेपरवरचं नाव आज फळीवरच्या गठ्ठ्यावर दिसलं."

म्हणजे त्या आपल्याच धुलाईवर भाळल्या होत्या. मालकीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग गठ्ठा कपाटात घालून कुलूप लावलं आणि तो न्यायला आलेल्या गड्याला सांगितलं, मालकालाच पाठव.

मालक आला तो चुरगळलेल्या शर्टात. बाकावर ड्रायव्हर बसलेला. पोलिसांत द्यायची तक्रार लिहून तयार आहे, एवढंच मालकीणबाईंनी सांगितलं. दोघांचा इसार संध्याकाळच्या आत परत आला.

बहीण शिवणकाम करायची. जागा विकायला ती आनंदाने तयार झाली; पलीकडचा अर्धा भाग ड्रायव्हरने घ्यायचं ठरवलं. ती आली तेव्हा तिच्या अंगावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, कॉलर विरलेली. मालकीणबाईंची नजर सवयीने तिकडे गेली आणि परत फिरली.

"बस, बाई. आधी जागेचा कागद दाखव."

रजिस्ट्रीत खरेदीखत लिहिताना कारकुनाने घेणाऱ्याचं नाव विचारलं. मालकीणबाईंनी सुनेकडे बोट केलं.

"गुडघे हिचे झिजलेत, जागाही हिचीच."

आणि साक्षीदार म्हणून सही ठोकून दिली. त्याची त्यांना सवयच होती.