रांगेतला शेवटचा ट्रक

बाजार एक झाला आणि माझ्या दारातली रांग गेली. आता दोन्ही देशांचा माल एकाच बाजारातला, मग तपासणी कसली आणि शिक्का कसला! सीमेवरचं फाटक कायमचं उघडलं. ट्रक असे सुसाट जातात, की माझ्या कँटीनच्या खिडक्या दिवसभर थरथरतात.

बहिणीकडे आनंदीआनंद आहे. तिच्या नवऱ्याच्या खुर्च्यांना पलीकडून मागणी आलीय, त्याला जेवायला फुरसत नाही. पलीकडची स्वस्त कुलपं आली आणि शेजारच्या कुलूपवाल्याला दुकान बंद करावं लागलं, ते मात्र ती बोलत नाही. मला म्हणते, "ताई, जग पुढे गेलं, तू काय तोंड पाडून बसलीस?" गेलं ना पुढे, माझ्याच दारावरून गेलं!

खरं सांगू? धंद्याचं मला एवढं वाटत नाही. आसपासचे लोक येतात, पोटापुरतं भागतं. मला लांब्याची आठवण येते. लांब्या म्हणजे फरशांचा ट्रक चालवणारा, एवढा उंच की दारातून वाकून यायचा. दर आठवड्याला रांगेत अडकायचा आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसायचा. ऑम्लेट करपलं तरी म्हणायचा, "मालकीणबाई, आज मस्त जमलंय." मेला खोटारडा! माझा नवरा गेल्यानंतर माझी बडबड कुणी इतकी मन लावून ऐकली नव्हती. आता तो जाता जाता हॉर्न वाजवतो. तवा गॅसवर सोडून मी बाहेर धावते, तोवर ट्रकची पाठ दिसते.

आज दुपारीही तसंच झालं. आत आले तर शिक्केसाहेब हसत होते. फाटकावर शिक्के मारायचे म्हणून त्यांचं हे नाव. आता ते काम गेलं, माझ्याकडे बसून चहा गार करतात.

"येडाच आहे तो," ते म्हणाले. "नंबर जवळ आला की मागच्याला म्हणायचा, जा बाबा, तू आधी जा. सगळ्यांना पुढे सोडून हा शेवटी. विचारलं तर म्हणे, इंजिन तापलंय."

मी तव्याखालचा गॅस बंद केला. "काय हो तुमचं नशीब, कायम शेवटी," असं मीच त्याला चिडवायचे. तो मान खाली घालून खात राहायचा. अरे, बोलायचंस ना तोंडाने! पण मी तरी कुठे बोलले?

"आता कुठे थांबतो तो?" मी विचारलं.

"पलीकडे मोठा तळ झालाय. सगळ्या ड्रायव्हरांना रात्री तिथेच मुक्काम. मध्ये कुठे थांबला तर कंपनी नोकरीवरून काढते."

कँटीनची किल्ली मी शिक्केसाहेबांच्या हातात ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि मिळेल ती बस पकडली. सगळा जन्म फाटकाशेजारी गेला, पण परवान्याच्या कटकटीपायी पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

फाटक कधी मागे पडलं ते कळलंसुद्धा नाही. कुणीतरी हात करून बस अडवायला हवी होती. खिडकीतून डोकावून विचारायला हवं होतं, बाई, कुठे चाललात, कुणाकडे, कशासाठी. एकदा तरी मोठ्याने सांगून टाकलं असतं.