हेल्मसेच्या धक्क्याविषयी

"हे काय लिहिलंयस, डोलीना? ‘काही नाही’? असं कधी उत्तर असतं का?"

फर्गसने कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि त्या दोन शब्दांवर बोट टेकवलं. वयाने तो तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पण तिचा साहेब. सकाळी सायकलवरून आलेला, अजून शिरस्त्राणाचा वळ कपाळावर.

"विचारलंय तेच सांगितलंय," डोलीना म्हणाली.

"विचारलंय ते सांगायला लागलो तर आपण सगळे बसू घरी. विभागाचा आकडा टाक. तूच तर शिकवलंस मला."

हे मात्र खरं होतं. सभागृहात मंत्र्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं डोलीना मॅकइनिस सव्वीस वर्षं लिहीत आली होती. नऊ मंत्री तिची वाक्यं बोलून गेले होते. त्यातल्या दोघांनाच तिचं नाव ठाऊक होतं, आणि त्यातला एक तिला डोरीन म्हणायचा. एका बेटाबद्दल विचारलं की सगळ्या विभागाचा आकडा द्यायचा, हा धडा तिने कितीतरी नवख्यांना दिला होता. आकडा खरा असतो, मोठाही असतो, आणि ताकास तूर लागत नाही. शेवटी ‘प्रश्न विचाराधीन आहे’ एवढं जोडलं की झालं.

या खेपेचा प्रश्न हेल्मसे बेटावरच्या बोटीच्या धक्क्याचा होता. तिथले सभासद रॉडी बीटन दर सहा महिन्यांनी तो विचारत. गेल्या दहा वर्षांत धक्क्यावर किती खर्च झाला? आणि पश्चिमेचा वारा सुटला की बोट टेकत नाही, म्हाताऱ्या माणसांना मासळीच्या टोपलीसारखं दोराने होडीत सोडावं लागतं, हे मंत्र्यांना ठाऊक आहे काय?

मासळीच्या टोपलीसारखं. ते शब्द बीटनसाहेबांचे नव्हते. ते मर्डिनाचे होते, डोलीनाच्या मोठ्या बहिणीचे. गेल्याच रविवारी डोलीनाने फोनवर ते जसेच्या तसे ऐकले होते.

नियमाप्रमाणे डोलीनाने तेव्हाच उठून फर्गसला सांगायला हवं होतं, की हे माझं गाव आहे, तिथे माझी बहीण राहते, प्रश्न दुसऱ्या कुणाकडे दे. तसं तिने एकवीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. पहिल्यांदा राहून गेलं, दुसऱ्यांदा लाज वाटली, आणि मग सवय झाली. आपण काय काम करतो तेही तिने बहिणीला धड सांगितलं नव्हतं. ‘खात्यात कागद सांभाळते’ एवढंच.

त्यामुळे मर्डिना दर सहा महिन्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलेलं उत्तर फोनवर तिलाच वाचून दाखवायची.

"‘उत्तरेच्या बेटांच्या विभागावर शासनाने भरीव तरतूद केली आहे.’ ऐकलंस डॉली? भरीव! हा मेला लिहितो तरी कोण गं? माणूस आहे का भिंत?"

"मला काय माहीत," डोलीना म्हणायची.

"तुमच्याच इमारतीत बसत असेल. दिसला तर सांग, म्हणावं, पुसलीस बाबा आमच्या तोंडाला पानं."

पण गेल्या रविवारी मर्डिनाने चेष्टा केली नव्हती. होडीत उतरताना दोर सुटून तिचं मनगट मुरगळलं होतं. बहात्तर वर्षांची बाई. एका हाताने केतली उचलता येत नाही म्हणाली. आणि मग वेगळ्याच आवाजात, "डॉली, विचाराधीन म्हणजे काहीतरी असेलच ना गं? इतकी वर्षं म्हणतायत. उगाच नाही म्हणणार."

ती विश्वास ठेवत होती. डोलीनाला फोन कानाला तसाच धरून बसावंसं वाटलं, आणि ठेवूनही द्यावासा वाटला. आई गेली त्या दिवशी डॉक्टर बोटीवर होता. किनाऱ्यावरून त्याचा पिवळा कोट दिसत होता. दोन तास बोट धक्क्यासमोर घिरट्या घालत राहिली आणि परत गेली. त्याच वर्षी रॉडी बीटन यांनी पहिला प्रश्न विचारला होता, आणि डोलीनाने पहिलं उत्तर लिहिलं होतं.

"ठीक आहे," ती आता फर्गसला म्हणाली. "टाकते विभागाचा आकडा."

तिने टाकला. एकोणीस कोटी चाळीस लाख पौंड. फर्गसने वाचून सही केली.

मंत्र्यांच्या फायलीत मुख्य उत्तराच्या मागे गुलाबी पानं असतात. सभासदाने उलटून काही विचारलंच, तर काय म्हणायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. वेळ थोडा, प्रश्न फार. गुलाबी पानापर्यंत गाडी क्वचितच जाते, म्हणून ती पानं कुणी तपासत नाही. डोलीनाने पहिल्या गुलाबी पानावर लिहिलं, ‘हेल्मसेच्याच धक्क्यावर किती, असे विचारल्यास’. आणि खाली, ‘काही नाही. तशी योजनाही नाही.’

बुधवारी दुपारी ती फर्गसच्या शेजारी अधिकाऱ्यांच्या बाकावर बसली. मंत्री रोवेना इमरी नावाच्या बाई. खात्यात येऊन तीन आठवडे झालेले. विभागाचा आकडा त्यांनी खणखणीत आवाजात वाचला. मागून कुणीतरी ‘वा, वा’ म्हणालं.

रॉडी बीटन सावकाश उठले. गुडघे दुखत असावेत.

"आकड्याबद्दल आभार. तो मला पाठ आहे. मी हेल्मसेच्या धक्क्याचं विचारलं होतं. तेवढंच सांगा."

मंत्र्यांनी पान उलटलं. डोलीनाने हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

"काही नाही," इमरीबाई वाचू लागल्या. "तशी योजनाही..." आणि थांबल्या. पण अर्ध्यावर थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. "...नाही."

सभागृहात असा गलका झाला की सभापतींना तीनदा दरडावावं लागलं. त्या गोंधळात एकटे रॉडी बीटन उभेच होते. आता पुढे काय विचारायचं ते त्यांना सुचत नसावं. फर्गस डोलीनाकडे बघत होता. चिडून नव्हे, नवीन कुणी बाई शेजारी येऊन बसावी तसा.

बाहेर जिन्यापाशी इमरीबाईंनी तिला गाठलं.

"तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"खरं आहे?"

"हो."

"मला वाटलं, पुढे काहीतरी वाक्य असेल." त्या खूप दमलेल्या दिसत होत्या. "पान उलटून पाहिलं हो मी."

"पुढे काही नव्हतं, मॅडम."

सोमवारपासून डोलीनाची बदली रस्त्यांच्या पाट्यांच्या विभागात झाली. आरडाओरडा नाही, चौकशी नाही. निरोपाला फर्गसने केक आणला आणि चौघांत तो अर्धाही संपला नाही.

पण त्या बुधवारी रात्री शहराच्या लीथ भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या घरात फोन वाजला होता. रविवार नसताना वाजलेला फोन.

"डॉली! रेडिओवर मंत्रीबाईंना ऐकलंस का? म्हणाली, काही नाही!" मर्डिना हसत होती, खोकत होती, पुन्हा हसत होती. "आमच्याशी कुणीतरी बोललं गं! एकवीस वर्षांत पहिल्यांदा! कुणी लिहून दिलं असेल तिला?"

"कुणास ठाऊक."

"देव भलं करो त्याचं. अखेर भिंतीला तोंड फुटलं म्हणायचं."

डोलीना फोन ठेवून स्वयंपाकघरात आली आणि एकटीच दोन कप चहा प्यायली. कितीतरी वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतं, पण त्या दिवशी तेही चाललं.

पुढच्या रविवारी मर्डिना म्हणाली, "मॅकफी निघालेत. पोरांना घेऊन जाताहेत मुख्य भूमीवर."

"का?"

"का म्हणजे? धक्का होणार नाही ना. इतके दिवस मॅकफी म्हणायचा, विचाराधीन आहे, बघू येत्या उन्हाळ्यापर्यंत. आता कशासाठी बघायचं?"

मॅकफींची पोरं गेली तशी शाळा बंद झाली. शाळा गेली तशी मास्तरीण गेली, आणि टपाल बघायची तीच. मार्चमध्ये गिलिस भावांनी मेंढ्या विकल्या. बेटावर अकरा घरं होती, पाच उरली, मग दोन. मर्डिना दर रविवारी सांगायची, तक्रार म्हणून नाही, आज मासळी काय मिळाली ते सांगावं तसं. डोलीना ऐकायची. आपण एक भिंत पाडली आणि त्या भिंतीला टेकून माणसं बसली होती, हे तिला आता कळत होतं. हे कुणापाशी बोलायचं? ज्या एका माणसाशी ती बोलायची, त्या बहिणीपाशी तर मुळीच नाही.

मे महिन्यात मर्डिनाने विचारलं, "तुझी ती मागची खोली रिकामीच असते ना गं?"

ती आली दोन पेट्या आणि आईचं हवामान दाखवणारं काट्याचं यंत्र घेऊन. डोलीनाने ते स्वयंपाकघरात खिळ्याला लावलं. चाळीस वर्षांनी दोघी बहिणी एका छपराखाली आल्या, आणि घर आधीपेक्षा शांत झालं. रविवारच्या फोनवर त्या तासभर बोलायच्या. आता समोरासमोर बसून काय बोलायचं ते दोघींना सुचेना.

सकाळी मर्डिना खिडकीशी उभी राही. समोरच्या दुकानावरचं निशाण कुठल्या बाजूला फडफडतंय ते बघे, मग येऊन काट्यावर नखाने टिचकी मारी.

एका सकाळी ती खिडकीतूनच म्हणाली, "ते उत्तर लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला."

डोलीनाने ओट्याजवळून विचारलं, "कशाला?"

"चहा पाजीन त्याला. आणि विचारीन." मर्डिनाने मागे वळून पाहिलं नाही. "म्हणीन, बाबा रे, सांगायचंच होतं तर पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंस? आम्ही धडधाकट होतो. कुठेही रुजलो असतो. आणि नव्हतं सांगायचं, तर मी मरेपर्यंत तरी कळ काढायचीस."

केतली उकळून आपोआप बंद झाली. मर्डिनाचं मनगट अजून पुरतं बरं नव्हतं, म्हणून ओतायचं काम डोलीनाकडे असे. तिने दोन कप भरले, बहिणीच्या कपात दूध घातलं, आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या हाताशी ठेवला. तोंड उघडलं, पण सव्वीस वर्षांत तिने स्वतःच्या आवाजात एकही उत्तर दिलं नव्हतं.

मर्डिनाने डाव्या हाताने कप उचलला. खाली ट्राम गेली, कप खणखणला. समोरचं निशाण वाऱ्याने ताठ झालं होतं.

"पश्चिमेचा आहे," ती म्हणाली. "आज बोट टेकायची नाही."

"नाही," डोलीना म्हणाली, आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.