संतकाकांचा आवाज

"माझं ऐका, सिनेमा खाली अक्षरं येतात तसाच लावा," संतकाकांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "मूळ नटाचा आवाज तो मूळ नटाचा. त्यावर दुसऱ्याचा चढवायचा म्हणजे चांगल्या भिंतीला चुना फासण्यासारखं आहे."

इमारतीच्या हॉलमधल्या साठही खुर्च्या भरल्या होत्या. सेक्रेटरी, म्हणजे पहिल्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, हातातला रिमोट उंचावून लोकांकडे वळला. बघा, म्हणाला, याला म्हणतात विनय, माणूस स्वतःचा आवाज ऐकायलासुद्धा लाजतो. टाळ्या पडल्या. काका जितके नको म्हणत होते तितके मोठे होत चालले होते. पहिल्या रांगेत मधोमध, हाताच्या खुर्चीत बसून त्यांना दरदरून घाम फुटला होता.

काका आयुष्यभर ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून होते. पत्र्याच्या खोलीत बसून भोंग्यावर ट्रकचे नंबर पुकारायचे. त्या आवाजावर खूश होऊन एका ड्रायव्हरनं त्यांना एका स्टुडिओत नेलं. तिथं कुठल्याशा परदेशी संताचा सिनेमा आपल्या भाषेत करायचं चाललं होतं. काकांना संताची वाक्यं म्हणायला दिली. 'पापी जनहो, मागे फिरा' हे वाक्य त्यांनी असं काही पुकारलं, की खालच्या गल्लीतला एक टेम्पो खरोखरच मागे आला. मालक म्हणाले, जरा बाहेर बसा. पहाटेपासून उभ्या काकांचा बाकावर डोळा लागला. आत तुरुंगाच्या पहारेकऱ्यासाठी घोरणं हवंच होतं. त्यांनी माईक आणून काकांच्या नाकापुढे धरला, पुरतं घोरणं भरून घेतलं आणि मग उठवून आभार मानले.

घरी पोचले तर बायको दारात शेजारणीला सांगत होती, संताचा आवाज म्हणजे आमचे हे. काका खोटं बोलले नाहीत. फक्त दुरुस्ती करायची राहून गेली. एकतीस वर्षं.

सिनेमा तेव्हा इकडे लागलाच नाही, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. लोक भांडणं मिटवायला काकांना बोलवत. ऑपरेशनला निघालेला माणूस आधी त्यांच्याकडून 'सगळं नीट होईल' एवढं ऐकून जाई. डॉक्टरनं त्यांच्या दाढा फुकट काढल्या. आणि बायको, जी लोकांच्या परकरांना नाड्या घालत बसलेली असे आणि जिला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं, ती संतकाकू झाली. तिच्यासाठी लोक लिफ्ट धरून ठेवायला लागले. आता सेक्रेटरीनं तो सिनेमा कुठूनसा शोधून आणला होता आणि हे सगळं एका रिमोटच्या बटणावर आलं होतं.

"अहो, माझ्या डोळ्यावर पट्टी," काकू म्हणाल्या. मोतीबिंदू काढून चारच दिवस झाले होते. "मी अक्षरं कुठली वाचू? मी आपली ऐकणार. इतकी वर्षं थांबलेय."



सेक्रेटरीनं आपल्या भाषेतला आवाज लावला आणि दिवे मालवले. संत वाळवंटातून चालू लागला. त्याचं मौनव्रत होतं. अर्धा तास तो नुसता चालला. इतका शहाणा संत काकांनी पाहिला नव्हता. याला असंच शेवटपर्यंत गप्प ठेव, अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली आणि सेक्रेटरीनं शेजारी ठेवलेला रिमोट हळूच ओढून त्यावर बसले. पडद्यावरचे लोक एकदम तिसऱ्याच भाषेत बोलायला लागले आणि खाली चौथ्याच भाषेतली अक्षरं आली. हॉलमध्ये गोंधळ उडाला. सेक्रेटरीनं रिमोट शोधत शोधत अखेर काकांच्या खालून काढला आणि भाषा पुन्हा आपली लावली. बसतानाही यांना भान नसतं, म्हणाला, कोठडीतच जाऊन बसलेत मनानं.

कारण तोवर राजानं संताला न बोलल्याबद्दल कोठडीत घातलं होतं. दाराशी दाढीवाला पहारेकरी, कमरेला किल्ल्या. तो भिंतीला टेकला, त्याची मान कलंडली आणि तो घोरू लागला. आधी पोतं ओढल्यासारखं, मग शेवटी बारीक शिटी, मग काहीच नाही, इतका वेळ की माणूस गेला का काय वाटावं, आणि पुन्हा पोतं.

काकूंचं कोपर सवयीनं काकांच्या बरगडीत बसलं. काका तर टक्क जागे होते. कोपर तिथंच थांबलं.

मग संतानं वर पाहिलं आणि तोंड उघडलं. "मी तयार आहे," तो म्हणाला. आवाज बारीक, चिरका, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा.

खुर्च्या करकरल्या. सेक्रेटरीनं सिनेमा थांबवला. संत आ वासून अडकला.

"काका, हा तुमचा?"

काका उठून उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "माझा त्याच्या आधीचा. तो झोपलेला. मला बाकावर झोप लागली होती."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. सेक्रेटरी तेवढा हसला नाही. "मी संताच्या म्हणून तीन दाढा काढल्या," तो म्हणाला.

काका रांगेतून बाहेर पडायला वळले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बसा." मग सेक्रेटरीला, वळूनही न पाहता, "लावा पुढे. हा झोपलाय म्हणून तो सुटणार ना?"

सिनेमा सुरू झाला. संतानं गजांतून हात काढला आणि पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली सोडवू लागला. किल्ल्या वाजल्या. घोरणं थांबलं. हसणारेही थांबले. साठ माणसं श्वास रोखून बसली. पोतं पुन्हा ओढलं गेलं तेव्हा मागून कुणीतरी "हुश्श" म्हणालं. संत पहारेकऱ्याला ओलांडून उजेडात निघून गेला.

पुढे तो त्या चिरक्या आवाजात पुष्कळ बोलला. काकूंनी उघडा डोळाही मिटून घेतला होता.

सिनेमा संपल्यावर लिफ्ट भरली आणि वर गेली. कुणी धरून ठेवली नाही. दोघं जिन्यापाशी आले. काकूंनी कठडा चाचपला.

"नीट दिसत नाही मला," त्या म्हणाल्या. "पायऱ्या सांगा."

काकांनी घसा साफ केला आणि काट्यावर ट्रक पुकारायचे त्याच आवाजात, पण हळू, एकेक पायरी पुकारू लागले.