वेगळी दोरी

“हे तुम्हीच घरात आणलंत,” तपासणीच्या टेबलावर आडवी पडलेली धाकटी जाऊ छताकडे बघत म्हणाली. “तुमच्या या खोलीतून.”

मी हातमोजे चढवत होते. चौदा नंबरच्या खोलीत आधी काम करायचं असतं, हे मी एकवीस वर्षांत शिकले आहे. पण खरं सांगते, त्या क्षणी तिला तशीच उठवून बाहेर काढावं असं वाटलं.

चौदा नंबर म्हणजे आमच्या दवाखान्यातला गुप्तरोगांचा विभाग. दारावर नुसता आकडा आहे, नाव नाही. बाहेरचं बाकडं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, म्हणजे आलेल्यांना एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत. मी इथली नर्स. नवरा गेल्यापासून धाकट्या दिराच्या संसारात राहते. तिथे माझा साबण वेगळा, टॉवेल वेगळा, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा वेगळी. स्वयंपाकाला मी हात लावायचा नाही. ही सगळी जावेची शिस्त. मी थोरली, पण मला हे ऐकवताना तिची जीभ कधी अडखळली नाही, आणि दिराने कधी मान वर केली नाही.

तो कशाला करील? सहा महिन्यांपूर्वी याच खोलीच्या पलीकडच्या, पुरुषांच्या दाराने तो गुप्तांगावर आलेले मस दाखवायला आत आला होता. समोर मला बघून पांढराफटक पडला. म्हणाला, वहिनी, घरी कळू देऊ नका. मी म्हटलं, नाही कळणार, पण बायकोला तपासायला घेऊन या आणि तोवर जपून राहा. या मसांचा विषाणू कातडीला कातडी लागून जातो, निरोध वापरला तरी पुरतं संरक्षण नाही, हेही सांगितलं. त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. नंतर दोनदा त्याला जिन्यात गाठून विचारलं. दोन्ही वेळा “बघतो” म्हणाला. त्याचं बघणं हे असं, आज टेबलावर आलं होतं.

जावेने त्यात आपली भर घातली होती. दिवसभर उभी राहून माझ्या पायाला कुरूप झालंय, त्याच्या औषधाची बाटली माझ्या कप्प्यात असते. माझ्या टॉवेलाला न शिवणारी ही बाई ती बाटली गुपचूप घेऊन गेली आणि तळपायाच्या जाड कातडीचं औषध नको तिथे उगवलेल्या मसांवर लावून बसली. नर्सच्या कप्प्यातलं म्हणजे गुणाचंच असणार, एवढा माझ्यावर विश्वास! कातडी सोलवटली, चार दिवस धड बसता येईना, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी आधी जखम भरू दिली. आज मसांवर ॲसिड लावायचं होतं, आणि ते काम इथे मीच करते.

“पाय सैल सोड,” मी म्हटलं.

मसांच्या कडेने चांगल्या कातडीवर व्हॅसलीन लावलं. दातकोरणीच्या टोकाला कापसाचा जेमतेम धागाभर वेढा दिला, ॲसिडात बुडवला, बाटलीच्या काठावर निथळवला. थेंब जास्त झाला तर भलतीकडे ओघळतो. झोंबेल म्हणून सांगितलं. तिने टेबलाची कड धरली. पहिला मस खडूसारखा पांढरा झाला. मग दुसरा.

“टॉवेल वेगळा ठेवला, दोरी वेगळी ठेवली,” ती दातओठ खात म्हणाली. “तरी आणलंतच. पोरीलाही लावाल एक दिवस.”

पोरीचं नाव निघालं आणि माझं डोकं फिरलं. पुतणी बारा वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी मी तिच्यासाठी लशीचा संमतीचा कागद घरी नेला होता. याच जातीच्या विषाणूंनी मस येतात, यांच्यातल्याच काहींनी पुढे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. लहानपणी सुई घेतली की पोर पुष्कळ वाचते. सगळं नीट समजावलं होतं. “चौदा नंबरातली सुई माझ्या पोरीला? तिला काय तसली समजलात?” म्हणून जावेने कागद माझ्या अंगावर भिरकावला होता. दीर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता. तेव्हा गिळलं ते सगळं आज तोंडाशी आलं.

“ऐक,” मी म्हटलं. “या खोलीतलं मी घरी काही नेत नाही. रोग नेत नाही आणि बातमीही नेत नाही. नेली असती ना, तर सहा महिन्यांपूर्वीच...”

मी थांबले. फार उशिरा थांबले.

जावेने छतावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. दातकोरणी माझ्या हातात तशीच राहिली. एकवीस वर्षांत या खोलीतला एक शब्द मी बाहेर जाऊ दिला नव्हता. शेजारणींनी खोदून खोदून विचारलं, वरिष्ठांनी गमतीत विचारलं, कुणाला दाद दिली नाही. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मी रागाच्या भरात मिरवायला गेले.

“सहा महिन्यांपूर्वी कोण आलं होतं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, हा विषाणू महिनोन् महिने, वर्षंसुद्धा आत गप्प राहतो, कुणाकडून कधी आला ते सांगता येत नाही. ते खरंही आहे. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

“लशीच्या वेळी बरं तोंड चालत होतं तुमचं,” ती म्हणाली. “आज पाठ केलेलं बोलताय.” मग पुन्हा छताकडे बघत, “उरलेलं संपवा.”

मी संपवलं. पुढच्या आठवड्यात परत यायचं, मस गेले तरी पुन्हा उगवू शकतात, गर्भाशयाची तपासणी चुकवायची नाही, हे सांगितलं. तिने कपडे सारखे केले, तोंडाला रुमाल बांधला. दाराशी थबकली.

“पोरीचा तो कागद आहे का अजून?”

माझ्या टेबलाच्या खणात होता. तिने उभ्याउभ्याच आईच्या रकान्यात सही केली. “तुमच्यासाठी करत नाहीये,” म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दीर बाहेरच्या खोलीत एकटाच बसला होता. आज वर्तमानपत्र नव्हतं.

“वहिनी, शब्द दिला होतात तुम्ही,” तो म्हणाला.

त्याला सुनवण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. पण शब्द दिला होता हे खरं होतं. मी मागच्या दाराने अंगणात गेले.

माझ्या दोरीवर माझ्या टॉवेलाशेजारी जावेचा टॉवेल वाळत होता. चुकून पडला असेल म्हणून मी तो काढून त्यांच्या दोरीवर टाकायला गेले, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा आवाज आला.

“हात लावू नका. तिथेच राहू दे.”

वारा सुटला होता. मी माझा टॉवेल थोडा बाजूला सरकवला आणि तिच्या टॉवेलाला चिमटा लावला.