गळ्यात पडून रडायची रीत

क्लिप गुलाबी होती, तिच्यावर काचेचं फुलपाखरू, आणि दिपानं ती केसांत लावली नव्हती. मुठीत धरली होती. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायला आलेली दहा वर्षांची पोरगी पायरीवर बसून मूठ उघडत होती, बघत होती, मिटत होती. अंगणवाडी चालवणाऱ्या मिराबाईचा खिचडीतला पळा थांबला. नवी क्लिप पोरगी डोक्यात मिरवते... लपवत नाही.

"कुणी दिली गं?"

"कुणी न्हाई."

"आभाळातून पडली व्हय?"

दिपा हसली नाही. "सोमेश्वरकाका म्हनले, कुनाला सांगायचं न्हाई. याडीलाबी, सोताच्या आईलाबी न्हाई." आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

पातेल्याच्या काठाचा मिराबाईच्या मनगटाला चांगलाच चटका बसला, पण ती तिथं नव्हतीच — तिच्या हातात एक गोल आरसा होता, लाल काठाचा, तळहातावर मावेल एवढा. ती नऊ वर्षांची होती, तांडा निम्मा रिकामा झाला होता, कारण दिवाळी झाली की नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरून लोक ऊसतोडीला निघून जायचे, पाच महिने, आणि शाळेतली लेकरं म्हाताऱ्यांपाशी मागं राहायची. आणि किसनराव राहायचा. चांगला माणूस. आईबापांनी ट्रकवर चढताना पोरींचे हात त्याच्या हातात द्यावेत असा चांगला. आमच्याकडं चांगल्या माणसाला लागतं तरी काय? दारू पीत नाही, तांड्याच्या प्रमुखाच्या, नाईकाच्या शेजारी बसतो, लेकरांना खाऊ वाटतो. झालं! बैल घेताना आम्ही दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून बघतो, आणि पोरगी... पोरगी तशीच देऊन टाकतो.

आरसा त्यानं दिला होता. आपल्या दोघांतच, म्हणाला होता. तुझी याडी तुला काही घेत नाही, मी घेतो, म्हणाला होता. आणि शेजारच्या झोपडीतल्या विधवा जिवनबाईनं, तंबाखूनं दात काळे झालेल्या त्या भांडकुदळ बाईनं, तो आरसा हिसकून दगडावर आपटला होता आणि भर चौकात ओरडली होती, "किसन्या, एकल्या पोरीलाच काहून बोलावतो रे घरी? बाकीची लेकरं मेली का?"

नाईकानं तिलाच बोलावलं. भल्या माणसाचं नाव घेतलंस, यापुढं तोंडातून अक्षर काढायचं नाही. तिनं नाही काढलं. त्या दिवसापासून ती नुसती मिराच्या मागं हिंडू लागली — हापशावर, शाळेत, बोरीच्या झाडाखाली. किसनरावानं हाक मारली की मिराच्या आधी ही उठायची. पोरी हसायच्या. एकदा मिरानं वळून तिला दगड मारला. कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी म्हातारी हजर... खोकेत हळद भरून.

याडी परत आली तेव्हा रीतीप्रमाणं बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडल्या. त्या रडण्यात बाईनं काहीही बोलावं — मेलेल्याचं नाव, सासूचा जाच, देवाला शिवी — मध्ये कुणी तोंड घालत नाही, नाईकसुद्धा पागोटं सावरत भलतीकडं बघतो. जिवनबाई याडीच्या गळ्यात पडून बराच वेळ रडली. बोल मिराला कळले नाहीत. एवढंच आठवतं, की याडी मध्येच रडायची थांबली होती. पुढच्या दिवाळीला मिरा याडीसोबत ट्रकवर होती, शाळेचं एक वर्ष बुडालं, आणि त्याचाही राग तिनं त्या म्हातारीवरच काढला. ती मेली तेव्हा मिरा मातीला गेली नाही.

गेल्या महिन्यात सेनगावच्या प्रशिक्षणात मॅडमनं लेकरांवर अत्याचार करणाऱ्यांबद्दलचा कागद वाचला. असा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. आधी आईबापाचा विश्वास कमावतो. जिच्याकडं लक्ष द्यायला कुणी नाही ते लेकरू हेरतो. भेट देतो, गुपित करायला लावतो, आईपासून तोडतो, थट्टेथट्टेत अंगाला हात लावून बघतो, लेकरू काय करतं ते... मिराबाईचं पेन थांबलं. ह्या मॅडमला किसनराव कुठं भेटला? आणि जिला सही येत नव्हती, त्या जिवनबाईनं हा कागद वाचला कुठं?

माझं काहीच झालं नाही. म्हणून तर कुणी आभार मानले नाहीत तिचे. झालं असतं तर तांडा हळहळला असता. झालं नाही, तर ती वेडी ठरली. तीस वर्षं मी नीट झोपले, लग्न केलं, लेकरं वाढवली, आणि हे सगळं कुणाच्या पुण्याईनं ते...

"आशाबाई, खिचडी बघा," ती मदतनीस बाईला म्हणाली आणि चालू लागली.

चौकात ट्रक उभा होता. दिपाची आई मिना गाठोडी चढवत होती, बाप जगन दोर आवळत होता, आणि खालून पत्र्याची पेटी उचलून देत होता सोमेश्वर. ज्यानं स्वतःच्या हातानं अंगणवाडीचं छत गळायचं थांबवलं, तो.

"काय बाई, आज खिचडीला सुट्टी?" तो म्हणाला. बाया हसल्या. "जगनभाऊ, तुमी बिनघोर जा. घरच्या म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई तर काय झालं, दिपाला शाळेत मी सोडतो. पोरगी माझीच समजा."

"तुमच्यामुळंच जाऊन राहिलो बघा," जगन म्हणाला.

मिराबाई ट्रकच्या चाकापाशी थबकली. नसेल तसा. एक क्लिप तर दिली. खोटी ठरले तर ह्याच चौकात लोक माझ्यावर थुंकतील, नोकरी जाईल... पण पोरीला गप्प बसायला कुणी शिकवलं? आणि आईलाही नाही म्हणून?

तिनं मिनाच्या गळ्यात हात टाकले. मिना रीतीप्रमाणं रडू लागली, मिराबाईनंही सूर धरला, आणि घशातून निघाला तो तिचा आवाज नव्हता — घोगरा, तंबाखूनं खरवडलेला, तीस वर्षांपूर्वीचा. तीच चाल, तीच ओढ. बोल आपोआप येत गेले: माझ्या बहिणी गं, पोरीची मूठ उघडून बघ गं, हे गुपित कुणी दिलं ते विचार गं... म्हातारी, तू इथंच होतीस व्हय? इतकी वर्षं घशात बसून राहिलीस, आणि मी तुला एक तांब्याभर पाणी दिलं नाही.

सोमेश्वर पेटी हातात घेऊन तसाच उभा होता. मध्ये बोलायची रीत नव्हती.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मिराबाईच्या खांद्यावरचं मिनाचं रडणं एकाएकी थांबलं. आता ही काय करेल, मला ढकलेल, शिवी देईल, का पोरीला ट्रकवर घेईल... मिराबाईला ठाऊक नव्हतं. तिनं मिठी सोडली नाही. कुठून तरी दगड येईल, येऊ दे. कपाळावर आधीच कुणीतरी हळद लावून ठेवल्यासारखं तिला थंडगार वाटत होतं.