दारातून दिसणारा टीव्ही

आमच्या ह्यांनी महिनाभर टीव्हीचा जेवढा अभ्यास केला, तेवढा शाळेत केला असता तर वाळूजच्या कारखान्याच्या शिफ्टच्या बसमागं धावायची वेळ आली नसती.

कारणही तसंच होतं. आमची लेक विशाखा राज्याच्या कबड्डी संघात निवडली गेली होती आणि रविवारी तिचा पहिला सामना टीव्हीवर दिसणार होता. गारखेड्यातली आमची सगळी गल्ली बघायला येणार. गल्ली आली की चहा आला, आणि चहा आला की मी स्वयंपाकघराच्या दारात. आजवर या घरात जे काही पाहिलं, ते मी त्या दारातून तिरक्या मानेनं पाहिलं. जुन्या टीव्हीवर तिथून माणसांचे चेहरे राख फासल्यासारखे दिसत. लेकीचा चेहरा मला तसा बघायचा नव्हता.

दुकानात दोन मोठे टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. हे मधोमध उभे राहून मला शिकवू लागले.

"हा मिनी एलईडी. मागं बारीक बारीक दिवे हायेत, लई उजेड. खिडकीतून ऊन आलं तरी चित्र ठसठशीत. अन् तो ओएलईडी. त्यात मागं दिवाच नाय, एकेक ठिपका आपला आपण पेटतो. काळा म्हंजे काळाच. पण उन्हात जरा मंद वाटतो."

मी बाजूला सरकत पार फ्रिजांच्या रांगेपर्यंत गेले.

"अगं, तिकडं कुठं चालली?"

"आपल्या सैपाकघराच्या दारात."

विक्रेता हसला. मला हसू आलं नाही. तिथून मिनी एलईडीचे रंग विटलेल्या साडीसारखे दिसत होते. ओएलईडीवरचा लाल मात्र तिथूनही लालच होता.

"तिथून कोण बघणार?" ह्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच फ्रिजांकडं चालू लागले. मग माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"उन्हाला पडदा लावता येतोय," मी म्हणाले. "सैपाकघर कुठं हलवणार?"

"व्हय की," हे म्हणाले, आणि महिनाभराचा अभ्यास तिथंच संपला.

रविवारी घर गच्च भरलं. मधली खुर्ची ह्यांची. मी दारात, हातात गाळणी. विशाखा मैदानात उतरली आणि तिच्या गुडघ्याचा निळा पट्टा, कपाळावरचा घाम, सगळं मला स्वच्छ दिसलं.

ती चढाईला निघाली तसे हे खुर्चीतून उठले.

"धम्मपालभाऊ, बसा की, काही दिसंना," शेजारच्या लीलाबाई मागून करवादल्या.

हे माणसांतून वाट काढत दारापाशी आले आणि माझ्या हातातली गाळणी काढून घेतली.

"जा, मधी जाऊन बस."

"अन् चहा?"

"मी गाळतो. मला इथून दिसतंय."

मी गेले आणि लेकीच्या अगदी समोर बसले.